महिनाअखेर आली की एआय आपल्याच शाखा ब्लॉक करते: कारण कुठे शोधायचे, काय बदलायचे

लक्षण नेहमीचे आहे. महिनाभर सगळे सुरळीत चालते. मग अखेरचा दिवस किंवा एक तारीख उजाडते, आणि शाखा उघडून अर्धा तास होत नाही तोच फोन सुरू होतात: ‘सीबीएस (बँकेची मुख्य व्यवहारप्रणाली) उघडत नाही.’ लिंक तपासली तर चालू असते, राउटरपर्यंत पिंग जाते. फायरवॉलवर, म्हणजे वाहतूक गाळणाऱ्या दारावर, पाहिल्यावर खुलासा होतो. शाखेचा आयपी पत्ता कोणा माणसाने नव्हे, स्वयंचलित संरक्षण यंत्रणेने ब्लॉक केलेला असतो. कोणीतरी तो मोकळा करतो, तासाभरात ब्लॉक परत बसतो. शेवटी वैतागून पत्ता अपवाद यादीत टाकतात आणि टिकेट बंद करतात. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाखेची पाळी.

नागरी सहकारी बँका, पतसंस्था, मोठी महाविद्यालये, जिथे जिथे ‘शोधा आणि लगेच कारवाई करा’ अशी एआय यंत्रणा बसवली आहे, तिथे ही तक्रार ऐकू येते. अशा नेटवर्कांची देखभाल हे माझे काम आहे, आणि या बाबतीत माझे मत पक्के झाले आहे. त्रास पुन्हा पुन्हा येतो तो मॉडेल कच्चे आहे म्हणून नव्हे. यंत्रणा आपलीच कारवाई नंतर पुरावा म्हणून वाचते, म्हणून तो येतो. हे चक्र तोडले नाही तर अपवाद यादी कितीही वाढवली तरी उपयोग नाही.

यंत्रणा बंद करू नका

ऐन पगाराच्या दिवशी शाखा ठप्प झाली की पहिली मागणी येते ती ‘ते एआय काढून टाका’ अशी. शाखाधिकाऱ्यांचा संताप रास्त आहे, पण ही मागणी मान्य करण्यासारखी नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला आठवा. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्टमार्गे (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून) हाँगकाँगला रक्कम गेली, आणि एकूण आकडा ९४ कोटींच्या वर पोचला. त्याच्या आदल्या वर्षी, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला. एका संगणकावर चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर तो माणसाच्या मदतीविना पुढच्या संगणकावर जात होता. त्या लाटेत न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. अशा वेळी अलर्ट वाचून, वरिष्ठांना फोन करून, मग पोर्ट बंद करायला सवड मिळत नाही. काही निर्णय यंत्रालाच घ्यावे लागणार. कोणते, किती वेळासाठी आणि कशाच्या आधारावर, हे आपण ठरवायचे.

ब्लॉक नेमका कोणी केला?

हे साधे वाटते, पण सर्वाधिक वेळ इथेच जातो. एकाच नेटवर्कवर ब्लॉक करणारे चार-पाच हात असतात: फायरवॉलची स्वतःची घुसखोरी-रोधक यंत्रणा, बाहेरून येणारी धोकादायक पत्त्यांची यादी, संगणकावरचा एजंट, सर्व्हरवरचे फेल-टू-बॅन किंवा वाझूह (लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, वाचून पत्ते ब्लॉक करणारी साधने), आणि या सगळ्यांच्या वर बसलेले निर्णय घेणारे मॉडेल. एकाचा ब्लॉक काढला तरी दुसऱ्याचा शिल्लक राहतो आणि लोक म्हणतात, ‘एआयने परत ब्लॉक केला.’ म्हणून प्रत्येक स्वयंचलित नियमावर तीन गोष्टींची नोंद सक्तीची करा: कोणत्या खात्याने नियम घातला, कोणत्या घटनेवरून घातला, आणि तो कधी संपणार. एकच सामाईक एपीआय खाते (साधनाने फायरवॉलला आदेश द्यायचे खाते) सगळी साधने वापरत असतील तर आधी ती खाती वेगळी करा. त्याशिवाय पुढचे काहीही तपासता येणार नाही.

मग घड्याळे पाहा. फायरवॉल, सेन्सर (वाहतूक पाहणारे उपकरण) आणि सीबीएस सर्व्हर यांच्या वेळेत दोन मिनिटांचा फरक असला तरी ब्लॉक आधी झाला की संशयास्पद वाहतूक आधी दिसली, हे सांगता येत नाही. आपल्या तपासात तर हाच क्रम महत्त्वाचा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळ-सर्व्हरशी घड्याळे जुळवणे आणि लॉग १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहेच. हे लेखापरीक्षणापुरते न करता नीट केलेत तर तपास निम्म्यावर येतो.

चक्र कसे फिरते

आता मुख्य भाग. समजा सकाळी १०:०५ ला काही कारणाने शाखेचा पत्ता संशयित ठरला आणि यंत्रणेने त्याची पॅकेट (माहितीचे तुकडे) गुपचूप टाकून द्यायला सुरुवात केली. शाखेतल्या संगणकांना हे कळत नाही. उत्तर आले नाही म्हणून ते पुन्हा जोडणी मागतात. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांवर, मूळ मांडणीत, प्रत्येक जोडणीसाठी पहिल्या विनंतीनंतर आणखी ६ वेळा विनंती जाते, मधले अंतर १ सेकंदापासून दुप्पट होत जाते आणि १२७ सेकंदांनी प्रयत्न थांबतो. काउंटरवरचा कर्मचारी तोवर दोनदा रिफ्रेश करतो. शेजारच्या तीन टेबलांवर तेच चालू असते. छपाई सेवा, अँटिव्हायरसचे अपडेट, डोमेन कंट्रोलर, सगळेच दार ठोठावत राहतात.

फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला बसलेल्या सेन्सरला आता काय दिसते? एका पत्त्यावरून अनेक सर्व्हरांकडे, अनेक पोर्टांवर, उत्तर न मिळालेल्या शेकडो विनंत्या. हुबेहूब पोर्ट स्कॅन, म्हणजे कोणती दारे उघडी आहेत ते चाचपणे! मॉडेलचा संशय ६० टक्के होता तो ९५ वर जातो. १०:०५ चा ब्लॉक १० मिनिटांत संपणार होता, आता तो वाढतो. एखाद्याने हाताने काढला तरी पुढच्या मूल्यमापनात गेल्या तासाभराची ती सारी ‘स्कॅनिंग’ जमेस धरली जाते आणि ब्लॉक परत बसतो. महिन्याच्या शेवटी मॉडेलचे नवे प्रशिक्षण होते तेव्हा ‘ब्लॉक झालेले ते हल्लेखोर’ असे गृहीत धरून हीच नोंद त्याला शिकवली जाते. चक्र पूर्ण.

यात एआयपुरते नवे काही नाही. फेल-टू-बॅनच्या मूळ मांडणीत १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की १० मिनिटांचा ब्लॉक बसतो. त्याच साधनात रिसिडिव्ह नावाचा एक भाग आहे. तो फेल-टू-बॅनचाच लॉग वाचतो आणि दिवसभरात वारंवार ब्लॉक झालेल्या पत्त्याला आठवडाभरासाठी बाहेर काढतो. वाझूहमध्येही पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांसाठी वाढत्या मुदतीची सोय आहे. मात्र तिथे हा नियम उघड लिहिलेला असतो, वाचता येतो, बदलता येतो. मॉडेलमध्ये तोच नियम ‘गेल्या २४ तासांतले ब्लॉक’ किंवा ‘अयशस्वी जोडण्यांचे प्रमाण’ अशा नावाने शे-दोनशे घटकांमध्ये दडलेला असतो.

तपासायला सोपे आहे. पहिल्या ब्लॉकच्या क्षणाआधीच्या फक्त अर्ध्या तासाचा लॉग काढा आणि मॉडेलला तेवढाच देऊन संशयाचा गुण विचारा. मग ब्लॉकनंतरच्या अर्ध्या तासाचा द्या. दुसरा गुण पहिल्यापेक्षा बराच जास्त आला, तर फरक शाखेच्या वागण्यातला नाही, तुमच्या ब्लॉकने निर्माण केलेला आहे. विक्रेत्याशी बोलताना हे दोन आकडे समोर ठेवा, चर्चा लगेच जमिनीवर येते.

उपाय दोन ठिकाणी. प्रत्येक फ्लो नोंदीला (एकेका जोडणीच्या नोंदीला) ‘या क्षणी हा पत्ता आपणच रोखलेला होता का’ असा एक रकाना जोडा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर ती नोंद गुणांकनातूनही वगळा, प्रशिक्षणातूनही. दुसरे, आतल्या पत्त्यांना रोखताना पॅकेट गुपचूप टाकू नका, स्पष्ट नकार पाठवा. संगणक ताटकळत राहत नाही, पुनर्प्रयत्न कमी होतात, आणि शाखेतल्या माणसालाही ‘सर्व्हरने नाकारले’ एवढे तरी पडद्यावर दिसते. बाहेरच्या जगासाठी गुपचूप टाकणे ठीक आहे. स्वतःच्या शाखेशी लपंडाव कशाला?

पण पहिली ठिणगी महिनाअखेरीलाच का?

कारण मॉडेलला ‘नेहमीचे’ म्हणजे काय हे शिकवताना गेल्या ७ किंवा १४ दिवसांची वाहतूक दिलेली असते. त्या खिडकीत महिनाअखेर कधी आलेलीच नसते. व्याज आकारणी, पगाराच्या फाइली, रात्री पर्यायी डेटा सेंटरकडे जाणारा मोठा बॅकअप, हे सारे मॉडेलला अनोळखी. बॅकअप तर हुबेहूब डेटाचोरीसारखा दिसतो: मध्यरात्र, एकच सर्व्हर, बाहेर जाणारे प्रचंड आकारमान. तो रोखला गेला तर फोनही येत नाही, म्हणून बॅकअपच्या यशाची नोंद वेगळी तपासत जा. शाखा बंद पडल्याचे लगेच कळते. तीन महिने बॅकअप झालाच नाही हे कळते तेव्हा रॅन्समवेअर आलेले असते.

खिडकी ९० दिवसांची केली की महिनाअखेर आटोक्यात येते. ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च मात्र तरीही निसटतात. त्यासाठी मॉडेलला पंचांग द्यावे लागते: दिवस कामकाजाचा की सुट्टीचा, महिनाअखेर आहे का, अर्धवार्षिक की वार्षिक, पगाराची तारीख कोणती. परदेशी बनावटीच्या यंत्रणांत हमखास राहून जाणारी बाब म्हणजे शनिवार. १ सप्टेंबर २०१५ पासून आपल्या बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा कामाचा. ‘शनिवार’ असा एकच गट केला की मॉडेल दोन्हींची सरासरी काढते, आणि कामाच्या शनिवारची नेहमीची वाहतूक त्याला दुप्पट वाटते. तुमच्या ब्लॉकच्या तारखा काढून पाहा. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी गर्दी दिसली तर कारण हेच. महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारनंतर लगेच, बुधवार-गुरुवारी त्रास होत असेल तर विंडोज अपडेटकडे पाहा. मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच तेव्हाच येतात.

आणखी एक कारण सेटिंगच्या एका ओळीत लपलेले सापडते. विसंगती शोधण्यासाठी आयसोलेशन फॉरेस्ट ही पद्धत बरीच वापरली जाते. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या तयार संचातल्या तिच्या रूपात, आपल्या माहितीत किती अंश दूषित आहे हे सांगणारा एक आकडा देता येतो. कोणीतरी तिथे ०.०१ लिहून ठेवतो. याचा अर्थ प्रशिक्षणाच्या माहितीतल्या १ टक्का नोंदी विसंगत ठरतील अशीच सीमारेषा आखली जाते, हल्ला झालेला असो वा नसो. मॉडेल रोज रात्री त्या दिवसाच्या वाहतुकीवर नव्याने शिकत असेल आणि त्याच वाहतुकीवर निकाल देत असेल, तर रोज १ टक्का ‘गुन्हेगार’ सापडणारच. अशा आकड्याला थेट ब्लॉक जोडणे ही मोठी गफलत आहे. पाहण्यासारख्या गोष्टींची क्रमवारी लावायला तो वापरा, शिक्षा ठोठावायला नको.

पावसाळ्यात वाढणारा त्रास

जून ते सप्टेंबर फायबर तुटते, रस्ते खोदले जातात, वीज जाते. शाखेचा राउटर आपोआप ४जी सिमवर जातो. तिथून पुढे शाखेचा पत्ता तिचा स्वतःचा राहत नाही. मोबाइल कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून बाहेर काढते. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर ओळखा की हाच प्रकार आहे. तो पट्टा २०१२ मध्ये खास या वापरासाठी राखून ठेवला गेला. कधी १० ने सुरू होणारा खासगी पत्ताही दिसतो.

मुख्यालयातल्या मॉडेलला यातून दिसते ते असे: नवा पत्ता, नवे नेटवर्क, आणि एकाच पत्त्यावरून निरनिराळ्या शाखांचे वीस-पंचवीस कर्मचारी लॉगिन करतात. पासवर्ड चाचपून पाहणाऱ्या हल्ल्याची हीच खूण आहे, त्यामुळे मॉडेलला दोष देता येत नाही. आणि तो पत्ता ब्लॉक केला की त्याच मोबाइल कंपनीवरचे तुमचे खातेदारही अॅपमधून बाहेर फेकले जातात.

इथे अपवाद यादी तर उलट घातक. आज तो पत्ता शाखेचा असतो, उद्या दुसऱ्या कोणाचा. शाखेची ओळख आयपी पत्त्यावर ठेवूच नका. ४जीवरूनही आयपीसेक बोगदाच (दोन टोकांमधला कूटबद्ध मार्ग) उभा राहू द्या, यूडीपी (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवायची पद्धत) ४५०० पोर्टवरून तो पत्ता-बदलातूनही चालतो. प्रत्येक शाखेच्या राउटरला स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र द्या आणि मॉडेलला आयपीऐवजी त्या प्रमाणपत्राचे नाव द्या. रोखायचे झाले तर बोगदा रोखला जाईल, शेजारी नाही.

९९ टक्के अचूकतेचे गणित

विक्रेत्याच्या सादरीकरणात ‘९९ टक्के अचूक’ असे ठळक लिहिलेले असते. पाटीवर मांडून पाहू. दिवसाला १० लाख जोडण्या, त्यांतल्या १०० खरोखर घातक. मॉडेल घातकांपैकी ९९ टक्के पकडते आणि निर्दोषांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून बोट ठेवते. पकडलेले ९९, चुकून धरलेले ९,९९९. म्हणजे शंभर ब्लॉकमध्ये एकही धड खरा नाही. चुकीचे प्रमाण शंभर पटींनी कमी करून दहा हजारांत एकावर आणले, तरी निम्मे ब्लॉक निरपराधांवरच बसतात. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या स्टेफान अॅक्सेलसन यांनी हा मुद्दा १९९९ मध्येच मांडला होता. २०१० मध्ये रॉबिन सोमर आणि व्हर्न पॅक्सन यांनी दाखवले की घुसखोरी ओळखण्यात मशीन लर्निंग प्रयोगशाळेत चमकते पण प्रत्यक्षात अडखळते, आणि त्यामागे चुकीची भरमसाट किंमत हे एक मोठे कारण आहे. खरेदी समितीपुढे हे गणित एकदा कागदावर करून दाखवाच.

संशय आणि शिक्षा वेगळे करा

यावर माझा आग्रह असा: किती संशय आहे हे मॉडेलने सांगावे, काय करायचे ते वेगळ्या, माणसाला वाचता येणाऱ्या नियमांनी ठरावे. त्या नियमांत दोन प्रश्न एकत्र पाहायचे. संशय किती, आणि चुकलो तर कोणाचे किती नुकसान? काउंटरवरचा एक संगणक वेगळा काढणे स्वस्त आहे, ८० टक्के संशयावरही चालेल. संपूर्ण शाखा तोडणे महाग आहे. सीबीएसचा डेटाबेस, डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर), एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार हाताळणारी यंत्रणा) यांना यंत्राने एकट्याने हात लावू नये. तिथे रात्रपाळीच्या माणसाचा होकार हवाच, आणि तो दहा मिनिटांत आला नाही तर पुढे कोणाला फोन जाणार तेही लिहिलेले हवे. कॉसमॉससारखा प्रसंग सुट्टीच्या दिवशी येतो, त्यामुळे ही यादी शनिवार-रविवारसाठी वेगळी करा.

ब्लॉकच्या आधीही पायऱ्या आहेत. वेग कमी करणे, पुन्हा ओटीपी मागणे, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) नेऊन फक्त आवश्यक सर्व्हर मोकळे ठेवणे. प्रत्येक स्वयंचलित ब्लॉकला मुदत असावी, आणि मुदत वाढवायची तर नवा पुरावा लागावा, ब्लॉकच्या काळातला नव्हे. सुटकाही नोंदवली जावी. माणसाने ब्लॉक काढला की तिथेच कारण निवडायला लावा: चुकीचा संशय, की खरा पण आटोक्यात आलेला. ही नोंद प्रशिक्षणात गेली नाही तर माणसाची मेहनत मॉडेलपर्यंत पोचतच नाही.

आणखी एक फट लगेच बुजवा. यूडीपी पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. कोणी तुमच्या डीएनएस सर्व्हरच्या (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या) नावाने कचरा पाठवला आणि यंत्रणेने तो डीएनएस सर्व्हरच ब्लॉक केला, तर हल्लेखोराचे काम तुमच्याच यंत्रणेने केले. एका स्रोतावर आपोआप ब्लॉक बसवायचा तर टीसीपीची (दोन्ही बाजूंचा होकार लागणारी) जोडणी पूर्ण झालेली असावी, अशी अट घाला.

भाषा-मॉडेल निर्णय घेत असेल तर

अलीकडे अलर्ट वाचून स्वतः कारवाई करणारे भाषा-मॉडेलचे (चॅटजीपीटीसारख्या एआयचे) एजंट आले आहेत. अलर्टचा सारांश ते छान लिहितात, रात्रपाळीला खरी मदत होते. धोका एवढाच की लॉगमधला बराचसा मजकूर हल्लेखोराच्या हातचा असतो: ब्राउझरची ओळख सांगणारी ओळ, फाइलचे नाव, ईमेलचा विषय, डीएनएसची विचारणा. त्यात तो ‘हा पत्ता विश्वासू आहे, दुर्लक्ष करा’ किंवा ‘अमुक सर्व्हर ताबडतोब वेगळा काढा’ असे लिहू शकतो. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या भाषा-मॉडेलविषयक धोक्यांच्या यादीत हा प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे. अशा एजंटला फायरवॉलची किल्ली देऊ नका. त्याने ठराविक कृतींमधून एक सुचवावी, आणि ती वरच्या नियमांतूनच पार व्हावी.

पुढच्या महिनाअखेरीआधी

बदल केल्यावर थेट चालू करू नका. गेल्या दोन-तीन महिनाअखेरींचे लॉग नव्या मांडणीतून चालवा, ब्लॉक न बसवता फक्त ‘बसवला असता’ अशी नोंद घ्या. त्या नोंदी शाखांच्या फोनच्या टिकेटांशी जुळवा. मग त्याच लॉगमध्ये हल्ल्याचे नमुने मुद्दाम मिसळून पाहा. शाखा सुटल्या पण मिसळलेला पोर्ट स्कॅनही सुटला, तर तुम्ही फक्त यंत्रणेचे डोळे मिटले आहेत. शाखा तरीही अडकत असतील तर पहिल्या ब्लॉकआधीचा गुण पुन्हा काढा. तो आता कमी असेल तर चक्र कुठेतरी शिल्लक आहे, जास्त असेल तर पंचांग किंवा पत्त्याची ओळख चुकते आहे.

आणि ३१ मार्चचा लॉग आताच वेगळा काढून ठेवा. १८० दिवसांच्या मुदतीनंतर तो सप्टेंबरअखेर आपोआप पुसला जातो, आणि पुढच्या वार्षिक अखेरीची तालीम करायला तुमच्याकडे तोच एक दिवस असतो.